रडार कोठे उभारावे?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सुमारे २५ किलोमीटर दूर असलेल्या कुलाब्याला मात्र त्याच्या दशांशही पाऊस पडला नाही. पर्जन्यमापक फक्त आपल्या जागेचा पाऊस सांगतो. मधल्या प्रदेशावर ढग कसे सरकत आहेत हे वेळेवर कळायचे, तर रडार हवे. पण ते उभारायचे कोठे?

रडारमधून सूक्ष्मतरंगांचा झोत निघतो. पावसाच्या थेंबांवरून परत आलेल्या तरंगांवरून पावसाचे अंतर व जोर कळतो. झोत अगदी आडवा सोडला तर जवळच्या इमारती आड येतात. म्हणून सर्वांत खालचा झोतही साधारणपणे अर्धा अंश वर रोखलेला असतो. शिवाय पृथ्वी गोल असल्याने जमीन झोताखालून दूर दूर जाते. हवेमुळे झोत किंचित खाली वाकतो, हे जमेस धरूनही १०० किलोमीटरवर त्याचा मध्य सुमारे दीड, तर २०० किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंच असतो. त्याखालचा पाऊस रडारला दिसत नाही. सह्याद्रीवर पाऊस देणारे ढग तर पुष्कळदा बुटकेच असतात!

दुसरी अडचण डोंगरांची. कुलाब्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर झोताचा मध्य ६०० मीटरांच्या आसपास असतो. तेथेच माथेरानचा ८०० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. त्याच्या पलीकडे रडारची 'सावली' पडते. मग रडार डोंगरमाथ्यावरच का नेऊ नये? अडथळा टळेल, पण झोत मुळातच उंचावरून निघाल्याने पायथ्याचा पाऊस त्याखालून निसटेल.

तरंगलांबीचाही विचार करावा लागतो. १० सेंटिमीटरचे तरंग मुसळधार पावसातूनही दूरवर पोहोचतात, पण त्यांना मोठी अँटेना लागते. ३ सेंटिमीटरच्या तरंगांना लहान अँटेना पुरते. मात्र जोरदार पावसात ते लवकर क्षीण होतात. म्हणून थोडी मोठी रडारे आणि मधल्या सावल्या भरून काढणारी लहान रडारे, अशी सांगड घालणे सोयीचे ठरते. मुंबईत कुलाब्याच्या रडारच्या जोडीला २०२२ साली वेरावली येथे ५ सेंटिमीटर तरंगलांबीच्या गटातील दुसरे रडार सुरू झाले.

आता तुम्हीच नियोजक व्हा. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा घ्या. कंपासने १०० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे काढा व डोंगरांच्या सावल्या छायांकित करा. कमीत कमी किती रडारांत राज्य झाकले जाते? तुमचे गाव सावलीत तर राहिले नाही ना, तेही पाहा.