मोठ्या रिमचा हिशेब

बैलगाडीच्या चाकाला धाव बसविण्याचे काम ज्याने लहानपणी लोहाराच्या साळेपुढे उभे राहून पाहिले आहे, त्याला चाकाच्या मापाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पुठ्ठ्यांचा लाकडी घेर मोजून घ्यावयाचा, लोखंडी धाव त्याहून किंचित आखूड ठेवावयाची, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होऊन प्रसरण पावली की सांडशीने उचलून चाकावर उतरवावयाची, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत तिच्यावर पाणी ओतावयाचे, म्हणजे निवता निवता आक्रसणारी ती धाव पुठ्ठे, आरे आणि तुंबा यांना एकजीव करून टाकी. धाव फार आखूड झाली तर आऱ्यांवर ताण येई. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड वाळताच ती भर रस्त्यात गळून पडे. त्या लोहाराला भूमितीचे नाव ठाऊक नव्हते, परंतु आधी घेर आणि मग लोखंड हा क्रम त्याने कधी चुकविला नाही.

त्याची आठवण होण्यास निमित्त झाला माझा भाचा. त्याने स्विफ्ट गाडीची साधी आवृत्ती घेतली. तिला कारखान्याकडून चौदा इंची पोलादी रिम आणि १६५/८० आर १४ या मापाचे टायर आलेले. “मामा, गाडी झकास आहे, पण चाकं अगदीच बारकी दिसतात हो,” असे म्हणून त्याने भ्रमणध्वनीवर सतरा इंची मिश्रधातूच्या रिमचे छायाचित्र माझ्यापुढे धरले, आणि दुकानदाराने टायरचे माप ‘आपण बघून घेऊ’ असे आश्वासन दिल्याचेही सांगितले. ते आश्वासन ऐकून मी कागद आणि पेन्सिल मागविली.

टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही एक संक्षिप्त सनदच असते, पण तिची भाषा मोठी विलक्षण. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. १४ हा रिमचा व्यास इंचांत. आणि मधला ८० हा ना मिलिमीटर ना इंच, तर टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती, एवढेच सांगणारा. एकाच वस्तूची रुंदी फ्रेंच मापाने, व्यास इंग्रजी मापाने आणि उंची नुसत्या शेकडेवारीने लिहिण्याची ही तऱ्हा ज्या कोणी रूढ केली असेल, त्याला आमच्या जुन्या दप्तरातील कारकुनांनी गुरू मानले असते. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. टायरमधील धागे तिरपे न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे नेण्याच्या या पद्धतीचे पेटंट फ्रान्समधील मिशलिन कंपनीने १९४६ साली घेतले, आणि आज रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक मोटार त्याच बांधणीवर धावते.

आता हिशेब. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर ही भिंतीची उंची. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे २६४. त्यात चौदा इंचांचे ३५५.६ मिळविले की संपूर्ण चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर भरतो. त्याच स्विफ्टच्या वरच्या आवृत्तीला कारखाना १८५/६५ आर १५ देतो. तिचा व्यास ६२१.५. सोळा इंची रिमवर १९५/५५ घेतले तर ६२०.९, आणि सतरा इंचीवर २०५/४५ घेतले तर ६१६.३. म्हणजे रिम चौदावरून सतरावर गेली, तरी चाक मुळीच मोठे झाले नाही. उलट तीन-साडेतीन मिलिमीटरने लहानच झाले! मग वाढले काय? धातू वाढला, आणि रबर व हवा घटली. भिंतीची उंची १३२ वरून १२० वर, तेथून १०७ वर आणि अखेरीस ९२ मिलिमीटरवर उतरली. ‘मोठे चाक’ या शब्दप्रयोगात एवढे असत्य दडलेले आहे, आणि मोठ्या रिमसाठी टायर निवडण्याची सारी विद्या ते असत्य ओळखण्यात आहे.

परीघ का राखावयाचा, हेही सांगितले पाहिजे. गाडीचा वेगदर्शक रस्ता पाहत नाही; तो चाकाचे फेरे मोजतो. मूळ चाकाचे एका किलोमीटरला कागदी हिशेबाने सुमारे ५१४ फेरे होतात. दुकानात उपलब्ध आहे म्हणून कोणी १९५/६० आर १६ चढविले, तर व्यास ६४०.४ होतो, म्हणजे मूळ मापाहून शेकडा तीनपेक्षा अधिक. फेरे कमी पडतात, आणि ज्या वेळी काटा मूळ चाकावर खरे शंभर दाखविता, त्या वेळी गाडी प्रत्यक्षात एकशे तीनच्या पुढे धावत असते. काट्याने खऱ्या वेगाहून कमी वेग कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीचा दंडक आहे. कारखाने त्यासाठी काटा थोडा चढाच ठेवतात, आणि वाढीव व्यास ती सावधगिरी खाऊन टाकतो. शिवाय चाक मडगार्डच्या दिशेने दहा मिलिमीटर सरकते, ते निराळेच. कारागिरांत शेकडा तीनची सूट रूढ आहे. माझ्या मते ती सूट हक्क समजून वापरण्याची नाही, शेकडा एकच्या आत माप सापडत असेल तर तेच घ्यावे.

व्यासाचा हिशेब पुष्कळांना जमतो. भाराचा हिशेब मात्र फार थोडे करतात. मापाच्या पुढे ८५ टी, ८८ एच असा जो मजकूर असतो, त्यातील अंक भारनिर्देशक आणि अक्षर वेगनिर्देशक. ८५ म्हणजे एका टायरने पेलावयाचा कमाल भार ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, आणि ८४ म्हणजे ५००. सतरा इंची २०५/४५ टायर साध्या बांधणीत ८४ निर्देशकाचा मिळतो. म्हणजे दिसायला रुंद, भारदस्त आणि किमतीने चढा असलेला हा टायर मूळच्या किरकोळ टायरपेक्षा कमी ओझे उचलतो. कारण उघड आहे: ओझे रबर उचलीत नाही, आत कोंडलेली हवा उचलते, आणि भिंत ठेंगणी झाली की हवेचे कोठार लहान होते. याच मापात ‘एक्सएल’ म्हणजे वाढीव भाराचा ८८ निर्देशकाचा टायरही येतो, पण तो भार पेलण्यासाठी त्यात हवेचा दाब अधिक ठेवावा लागतो, आणि दाब वाढला की गाडीचा डौल वाढविण्याच्या नादात बसणाऱ्यांच्या पाठीचा कणा दुखावतो. निर्देशक मूळ अंकाच्या खाली कदापि जाऊ देऊ नये.

आता भिंतीची कैफियत. मोठ्या रिमच्या पक्षानेही काही बोलले पाहिजे, नाहीतर न्याय होणार नाही. ठेंगणी भिंत वळणावर कमी लवते, त्यामुळे सुकाणू फिरविताच गाडी तत्काळ वळते. रिमच्या पोटात मोठ्या ब्रेकला जागा मिळते. शर्यतीच्या गाड्यांत आणि गुळगुळीत रस्त्यांच्या मुलखात हे गुण मोलाचे ठरतात. परंतु पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरून ज्याने गाडी नेली आहे, त्याने हे मोल आपल्या अनुभवाने ठरवावे. खड्ड्याची धारदार कड आणि रिमचा काठ यांच्यामध्ये भिंत चिमटली की तिच्यातील धागे तुटतात. वरचे रबर शाबूत दिसते, पण दुसऱ्या दिवशी तेथे लिंबाएवढा फुगा येतो. त्या फुगवट्याला पंक्चरवाल्याकडे औषध नाही; टायर टाकूनच द्यावा लागतो. भिंत १३२ मिलिमीटरची असताना जो धक्का ती पचविते, तोच ९२ मिलिमीटरच्या भिंतीतून थेट धातूवर जातो, आणि मिश्रधातूची रिम पोलादासारखी वाकून निभावत नाही, ती तडकते. माझ्या एका स्नेह्याच्या रिमला असाच तडा गेला. ट्यूबलेस टायर रात्रभरात बसे आणि सकाळी तो हवा भरी. महिनाभर त्याने दोष व्हॉल्व्हला दिला.

रिम गाडीला बसते की नाही, ही निराळी बाब आहे, आणि ती दुकानातच मापून घेण्याजोगी आहे. बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळला पाहिजे. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मधे कडे बसवून घ्यावे, अन्यथा वेगात सुकाणू थरथरते. ऑफसेट, म्हणजे रिमची बैठक मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते माप, मूळच्या जवळ ठेवावे. चाके बाहेर काढून रुबाब आणणारे स्पेसर बेअरिंगवर अकारण भार टाकतात. रुंदीही टायरला साजेशी हवी: २०५/४५ आर १७ साठी साडेसहा ते साडेसात इंच. टायर किती जुना, हेही पाहावे. भिंतीवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढले दोन वर्ष सांगतात.

राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेला बाध येईल असा बदल ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. अपघातानंतर विमा कंपनीपुढे दावा रुजू करताना कलमांचा अर्थ लावीत बसण्यापेक्षा, आपल्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला कारखान्याने जे माप दिले आहे तेवढ्यावर थांबावे, आणि नव्या रिमची नोंद विमापत्रात करून घ्यावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरचे माप आणि हवेचा दाब सांगणारे पत्रक चिकटविलेले असते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ते एकदा वाचावे.

भाच्याने अखेर पंधरा इंची रिम आणि १८५/६५ चे टायर घेतले. सतरा इंची चाकाचे छायाचित्र अद्याप त्याच्या भ्रमणध्वनीत आहे.