खाडीतल्या चिखलावरची साय

मैत्रिणींनो, ओहोटीला तिसऱ्या काढायला खाडीत उतरतो, तेव्हा चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसते ना? ती घाण नव्हे, बारीक जिवंत शेवाळ आहे. पाणी ओसरलं की हे शेवाळ उन्हासाठी वर सरकतं, भरतीआधी पुन्हा चिखलात शिरतं. घड्याळ नाही, पण वेळ चुकत नाही! त्याच्या चिकट स्रावानं चिखल धरून राहतो, लाटेनं सहज वाहून जात नाही. गोगलगायी, निवट्या ही साय खातात. भरतीत ढवळून वर आलेलं शेवाळ तिसऱ्या पाण्यातून गाळून खातात. तिथे कुणी राडारोडा टाकला, की साय गाडली जाते, ऊन तुटतं आणि आपली टोपली हलकी होते. पुढच्या बैठकीला येताना, आपल्या खाडीत भराव कुठे पडतोय ते बघून या.