तीन जीवांचा पट्टा

अमेरिकेत बोस्टन, न्यूयॉर्क अशा शहरांत आयरिश वंशाची माणसे लाखांनी आहेत. त्यांपैकी अनेकांचे पूर्वज १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बोटीत बसून गेले. बटाट्याचे पीक शेतातच कुजले, सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली. आज त्यांची पतवंडे-खापरपतवंडे विचारतात, आमचे गाव कोणते? आमची जमीन कोणती? आणि शोधायला निघाली की पहिल्याच पायरीला ठेच लागते.

कारण जुन्या शिरगणतीचे कागदच उरलेले नाहीत. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक सारे ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दफ्तरखान्याबरोबर जळाले. पूर्ण हाती लागते ती १९०१ ची शिरगणती. सर्व धर्मीयांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंदही १८६४ पासूनची. मग त्याआधीचा माणूस शोधायचा कुठे? जमिनीच्या कागदात!

डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर दस्तनोंदणीचे कार्यालय आहे. ते १७०८ साली स्थापन झाले. फोर कोर्ट्सपासून ही जागा वेगळी, म्हणून आगीतून वाचली. येथे खरेदीखते, गहाणखते, लग्नाचे करार आणि जमिनीचे पट्टे यांचे गोषवारे जाडजूड, उचलताना हात भरून येतील अशा वह्यांत उतरवून ठेवले आहेत.

या पट्ट्यांत एक प्रकार मोठा विलक्षण. त्याला आम्ही 'तीन जीवांचा पट्टा' म्हणतो. त्यात मुदत वर्षांनी मोजत नसत. तीन माणसांची नावे लिहीत आणि त्यांतला शेवटचा मरेपर्यंत पट्टा चाले. शहाणे कूळ आपल्या लहान लेकराचे नाव घाली, कारण पोर जितके जगेल तितकी जमीन टिकेल. काही पट्ट्यांत तर इंग्लंडच्या राजपुत्रांची नावे असत. राजवाड्यातला माणूस जिवंत आहे की मेला, हे सगळ्यांना आपोआप कळते! पण जेथे कुळाचे मूल लिहिले आहे तेथे त्याचे नाव, बापाशी नाते आणि कित्येकदा वयही सापडते. ज्याचा जन्मदाखला कुठेच नाही, असे एखादे पोर जमिनीची मुदत मोजण्यासाठी का होईना, कागदावर आले.

मात्र हे भाग्य सर्वांचे नव्हते. १७०४ च्या कायद्याने कॅथॉलिकांना जमीन विकत घेण्याची बंदी केली आणि ३१ वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टाही नाकारला. देशात बहुसंख्य तेच! जीवांचा पट्टा त्यांना १७७८ नंतरच मिळू लागला. त्यातही गरीब कुळाकडे बहुधा पट्टा नसेच. जमीनदाराची मर्जी असेपर्यंत कसायचे, मर्जी फिरली की उठायचे. अशांचा दस्तच नाही, तर नोंद कसली? कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, अन्यायच तो. या कार्यालयाच्या जुन्या सूच्या दोनच: एक जमीन देणाऱ्याच्या नावाची, दुसरी ठिकाणाची. घेणाऱ्याच्या नावाची सूचीच नाही. म्हणजे कुळाच्या वंशजाने आपल्या आजोबा-पणजोबांना शोधायचे असेल तर आधी त्यांचा जमीनदार शोधायचा! अलीकडे काही स्वयंसेवक सर्व नावांची सूची तयार करीत आहेत, हे त्यांचे मोठेच उपकार.

तो जमीनदार सापडतो ग्रिफिथच्या मोजणीत. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली देशभर ही मोजणी झाली. तीत जमीन कसणारा कोण, ती त्याला कोणी दिली, क्षेत्र किती, हे ओळीने लिहिले आहे. साधी झोपडी असलेल्याचेही नाव आहे. मात्र एका घराचे बहुधा एकच नाव. बायको-मुले त्यात नाहीत. बाई दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर. शिवाय जमीन देणारा म्हणून ज्याचे नाव दिसते तो कधी खरा मालक नसून मधला दलाल असतो, तेव्हा घाई करू नये. मालक कळला की त्याच्या इस्टेटीच्या खंडवह्या डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा बेलफास्टच्या सरकारी दफ्तरात आहेत का, ते पाहायचे. पट्टा नसलेले कूळही तेथे खंड भरणारा म्हणून भेटते.

या मोजणीच्या पुढे दुरुस्तीवह्या ठेवल्या गेल्या. जुने नाव खोडायचे, नवे वर लिहायचे, बदलाचे साल कडेला टाकायचे. साल ओळखता यावे म्हणून शाईचा रंगही बदलत. बापाच्या नावावर रेघ आणि वर मुलाचे नाव दिसले, की वंशज त्या सालाच्या आसपास मृत्यूची नोंद शोधतात. मुलाऐवजी परक्याचे नाव आले, तर बोटींच्या याद्या चाळू लागतात.