जहाजाच्या पोटात काय आहे?

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा सप्ताहास प्रारंभ होतो. त्यामागे १९४४ सालच्या त्याच तारखेची मुंबईतील एक दुपार आहे, याचे स्मरण मात्र फारच थोड्यांना असते. बंगळूरुच्या जयनगरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, निवृत्तीचे दिवस घालवणाऱ्या माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही तारीख अस्वस्थ करते.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही. ज्या कप्प्यात स्फोटके, त्याच कप्प्यात कापूस! एरवी असा माल गोदीत आणू दिला जात नसे. युद्धाच्या घाईत तो नियम शिथिल झाला होता. घातक माल दर्शविणारा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी आग लागली. जहाज समुद्रात ओढून न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय करणारा एकही अधिकारी पुढे आला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. गोदी कामगारांच्या जीविताची नोंद किती काटेकोर होती, हे यावरून उमगते.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने हे वृत्त दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितले. आपल्या वृत्तपत्रांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते छापू दिले गेले नाही. गुप्तता शत्रूपासून राखली गेली नाही. राखली गेली ती नागरिकांपासून.

युद्ध संपले, पण ही सवय संपली काय? २०२० साली बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. हा साठा अनेक अधिकाऱ्यांना ठाऊक होता. शेजारच्या वस्तीला नव्हता. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले. त्यावरील ६४० कंटेनरपैकी १३ कंटेनरांत घातक माल होता, बाराांमध्ये कॅल्शियम कार्बाइड. पाण्याशी संयोग होताच त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. किनाऱ्यावर प्लास्टिकच्या कणांचा खच पडला, मच्छीमारांची मासेमारी थांबली. पंधरवड्यातच, ९ जूनला, ‘वान हाय ५०३’ केरळच्या किनाऱ्यासमोर पेटले.

सेवेत असताना एका किनारी जिल्ह्याचा आपत्ती आराखडा माझ्यासमोर आला होता. त्यात होड्या, निवारे, रुग्णखाटा, सारे मोजलेले होते. समोरून जाणाऱ्या जहाजांवर काय असते, याविषयी एक ओळही नव्हती. मी विचारले नाही, सही केली. त्या सहीची आज लाज वाटते.

घातक मालाची यादी जहाजावर ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. म्हणजे माहितीचा अभाव नाही. ती किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. संरक्षणसामग्रीचा अपवाद मी मान्य करतो. व्यापारी गोपनीयतेचा मात्र नाही. दुर्घटना घडताच घातक मालाची नावे, त्यांपासूनचा धोका आणि घ्यावयाची खबरदारी काही तासांत, मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम अशा स्थानिक भाषांत, मच्छीमार सहकारी संस्था व ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवणे कायद्याने बंधनकारक करावे. बंदरालगतच्या अग्निशमन केंद्रांकडे ती यादी आगीपूर्वीच असावी.

भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्या ६६ जणांना दरवर्षी पुष्पचक्र वाहिले जाते. आपण कशाशी झुंजत आहोत, हे पुढच्या जवानाला आधी कळणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.