शिक्कामोर्तबाची नवी रीत

मराठ्यांच्या राज्यांत महत्त्वाच्या कागदाच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठवीत असत. शिक्क्यावरून कागद कोणाचा तें कळे. मोर्तबापुढें एक अक्षरहि कोणास वाढवितां येत नसे. साताऱ्याहून निघालेला कागद सांगलीस पोंचेपर्यंत अनेकांच्या हातांतून जाई, म्हणून ही खबरदारी. आज तीच अडचण संगणकांपुढें उभी आहे.

समजा, एका सहकारी बँकेनें संगणकांचा एक समूह साताऱ्यास व दुसरा सांगलीस ठेविला आहे. खातीं सांगलीस, रक्कम देण्याचें काम साताऱ्यास. सातारकर ठेवीदारास पैसे द्यावयाचे तर शिल्लक किती, हें सांगलीस विचारलें पाहिजे.

पहिली अडचण पत्त्यांची. समूहाच्या आंत वापरावयाचे कांहीं पत्ते १९९६ सालच्या नियमानें सर्वांस खुले ठेविले आहेत. त्यामुळें '१०' पासून आरंभ होणारा एकच पत्ता दोन्ही गांवीं सांपडतो. शनिवार पेठ साताऱ्यास आहे, तशी पुण्यासहि आहेच कीं! म्हणून प्रत्येक समूहास एक वेस बांधतात. निरोप सेवेच्या नांवानें परगांवच्या वेशीवर धाडावयाचा. वेशीवरला संगणक तो योग्य दारीं पोंचवितो.

दुसरी अडचण ओळखीची, आणि खरा घोटाळा येथेंच होतो. आंतल्या रस्त्यानें आला तो आपलाच, ही जुनी समजूत मला घातक वाटते. चोर एकदां वाड्यांत शिरला कीं सर्व खोल्या त्याला मोकळ्या. बँकांसाठीं १९९९ सालीं हैदराबादच्या संस्थेनें 'इन्फिनेट' हें स्वतंत्र जाळें उभारलें. पण जाळें स्वतंत्र असलें म्हणून ओळख तपासणें टळत नाहीं. दोन्ही समूहांनीं एकच प्रमाणाधिकारी मान्य करावा, व त्यानें प्रत्येक सेवेस ओळखपत्र द्यावें. नुसतें ओळखपत्र दाखवून भागत नाहीं. त्याच्या जोडीची गुप्त किल्ली आपल्याजवळ आहे, हें सिद्ध करावें लागतें. तेंहि दोघांनीं, एकट्या सातारकरानें नव्हे. ओळखपत्राची मुदत कांहीं तासांचीच असावी, म्हणजे किल्ली चोरीस गेली तरी ती फार काळ चालत नाहीं.

राहिली गुप्तता. भर चव्हाट्यावर बोलून दोघांनाच ठाऊक असें रहस्य ठरवितां येतें, हें डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं दाखवून दिलें. त्याच युक्तीनें मजकूर कुलुपबंद होतो. वाटेंत एक अक्षर बदललें तरी ताळा जुळत नाहीं. हेंच आजचें मोर्तब.

ओळख पटली म्हणजे सर्व मुभा मिळाली, असें मात्र नव्हे. साताऱ्यानें शिल्लक विचारावी; खातेदाराचें नांव बदलण्याचा हुकूम त्याच दारानें आला, तर तो सांगलीनें परत पाठवावा. आणि मधली तार तुटली, तर साताऱ्यानें अंदाजानें पैसे देऊं नयेत. ठेवीदारास थोडा वेळ बांकावर बसवावें.