शाळेचे आवार : आधी पाणी, मग रंग



गावाने शाळा सुधारायचे मनावर घेतले, वर्गणी जमली, थोडा सरकारी निधी मिळाला, म्हणजे सर्वांत आधी काय येते? रंगाचे डबे येतात. भिंतींवर फुले, पाढे, नकाशे चढतात. अलीकडे तर सबंध शाळा आगगाडीच्या डब्यासारखी रंगविण्याची हौस पुष्कळ ठिकाणी दिसते. मुलांना ते आवडते आणि त्यात वाईट काही नाही. परंतु दोन पावसाळे गेले की रंगाला पोपडे येतात, त्या आगगाडीच्या मधून एक भेग वर चढते, आणि गाव म्हणते, ‘रंग हलका निघाला.’ बहुधा दोष रंगाचा नसतो, पाण्याचा असतो. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, शाळेच्या आवाराची दुरुस्ती जमिनीपासून वर चढत जावी, आणि रंग हा तिच्यावरचा शेवटचा हात असावा.

प्रथम जमिनीचा विचार करू. आपल्या भागातील काळी माती कापसाला आणि ज्वारीला माउली, पण इमारतीला ती सावत्र आई आहे. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शाळेच्या पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या थेट जोत्याशी मुरतात. पाया एका बाजूने उचलला जातो, दुसऱ्या बाजूने खचतो, आणि दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. त्या वर्षानुवर्षे गिलाव्याने बुजविण्यात पैसा जातो. त्याऐवजी पत्र्याच्या कडेला पन्हळ लावावी, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार दिलेला फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करावा, आणि पाणी चरातून दूर न्यावे. झाडे अवश्य लावावीत. पण पायाजवळची ओल मुळे शोषून घेतात, म्हणून झाड जेवढे उंच होणार, निदान तेवढे ते भिंतीपासून दूर असावे.

दूर नेलेले हे पाणी वाया दवडण्याचे कारण नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हा हिशेब चौथीच्या मुलालाही करता येईल. चार खोल्या व ओसरी मिळून २०० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला, तर १,६०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी १,२८,००० लिटर उरते. ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद व २ मीटर खोल असे एक टाके बांधले, तर त्यात २०,००० लिटर पाणी मावते. शंभर मुलांना रोज दोन दोन लिटर पिण्यास दिले, तर ते शंभर दिवस पुरते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे, टाके घट्ट झाकावे, पिण्याचे पाणी शुद्ध करून घ्यावे. उरलेले पाणी इमारतीपासून दूर शोषखड्ड्यात जिरवावे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आले. म्हणजे अशी चार छपरे वर्षभरात जवळजवळ तेवढेच पाणी देतात! शहराची तहान त्याने भागणार नाही हे खरे. पण शाळेची खचित भागेल.

पाण्याशी निगडित अशी दुसरी बाब म्हणजे स्वच्छतागृह. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट, मैदान आणि कुंपण ही प्रत्येक शाळेस आवश्यक ठरविली आहेत. पण जेथे बांधलेल्या स्वच्छतागृहात पाणी नसते, तेथे त्याच्या दाराला कुलूप लागते. वाढत्या वयाची मुलगी मग दिवसभर पाणी पीत नाही, महिन्यातले काही दिवस घरी राहते, आणि एक दिवस शाळेत येईनाशी होते. आपण म्हणतो, तिचे अभ्यासात लक्ष नव्हते!

आता भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. वेळ पहाटेची होती, शाळा रिकाम्या होत्या. त्यावरून घ्यावयाचा धडा असा की जुन्या खोलीवर आणखी ओझे चढवू नये, नव्या खोलीत दाराखिडक्यांच्या वर चहूबाजूंनी सलग सळयांचा काँक्रीटचा पट्टा घालावा, आणि धोक्याची ठरलेली खोली रंगवू नये, पाडावी. रंगाखाली झाकलेली भेग ही उघड्या भेगेपेक्षा अधिक घातक होय.

यानंतर ऊन आणि उजेड. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या वर्गात गणित सुचत नाही, हा मुलांचा आळस नव्हे. पत्र्याला वरून पांढरा चुना द्यावा, आतून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे, आणि तापलेली हवा निघून जाण्यास भिंतीत वर झरोके ठेवावेत. पश्चिमेच्या भिंतीला ओसरीची सावली असावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांची संख्या अधिक, म्हणून मुख्य उजेड डावीकडून यावा. नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते.

हे सारे करीत असताना मुलांना सुट्टी देऊ नये. भेगेवर सिमेंटची छोटी टिकली लावून तीवर तारीख घालावी. टिकली फुटली तर भेग वाढते आहे असे समजावे. ही नोंद मुलेच ठेवतील. पाऊस मोजणे, काठीची सावली मोजून उत्तर दिशा काढणे, टाक्याचे घनफळ काढणे, हे सर्व धडे आवारातच पडलेले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच दाखवून दिले. दगड, पाने, बिया हे त्यांचे शिक्षणसाहित्य होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपल्याला तर कुरणात जावयाचेही नाही; आवार दारातच आहे.

मग हे करावे कोणी? कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती सहीपुरती राहिली, तर पन्हळ पहिल्याच वर्षी पाल्याने तुंबेल. आणि हा प्रश्न केवळ पन्हळीचा नाही. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे मांडला. ज्याला ऐपत आहे तो मुलाला गाडीत बसवून दुसरीकडे पाठवील. ज्याला नाही, त्या ऊसतोड्याच्या वा शेतमजुराच्या मुलाला गावातल्या शाळेवाचून दुसरे काय आहे? जी शाळा गळते, तापते आणि तहानलेली असते, तिचा पट घटतो. आणि घटलेला पट हेच मग ती बंद करण्याचे कारण ठरते.

म्हणून शेवटी एकच विनंती. मृगाचा पहिला पाऊस येईल तेव्हा आपल्या गावच्या शाळेत जावे, पाच मिनिटे वळचणीखाली उभे राहावे आणि पाणी कोठे पडते, कोठे साचते, कोठे मुरते ते पाहावे. मुलांनाही बरोबर घ्यावे. दुरुस्तीची यादी तेथेच तयार होईल. रंगाचे दुकान कोठे जात नाही!