ड्रॉइंग येण्याआधीची ओळख

चाकणच्या एखाद्या कारखान्यात नव्या सप्लायरचा फोन आला की खरेदी विभागातला अधिकारी बहुधा एवढंच म्हणतो, "कंपनी प्रोफाइल मेल करा, बघतो." तो मेल उघडला जाईल याची खात्री नसते. पण सप्लायरबद्दल थोडं जरी कुतूहल वाटलं, तरी अधिकारी त्याचं नाव शोधून पाहतो. गूगलवर शेडचा पत्ता आणि बाहेरून काढलेले दोन फोटो सापडतात. लिंक्डइनवर मात्र मालक सापडतो. तो आधी कुठे नोकरीला होता, काय शिकलाय, आपल्या ओळखीतलं कोण त्याला ओळखतं, हे सगळं तिथे दिसतं. भोसरीत तीन-चार मशिनांवर जॉबवर्क करणाऱ्या माणसाला ड्रॉइंग पाठवायचं की नाही, याचा पहिला अंदाज तिथेच बांधला जातो.

आपल्या अनेक लघुउद्योजकांचं पान या परीक्षेत मार खातं. लग्नातला कापलेला फोटो, खाली 'प्रोप्रायटर' एवढा एकच शब्द आणि शेवटची नोंद दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीची. याचं वाईट वाटतं, कारण हीच माणसं दोन-तीन मायक्रॉनसाठी रात्रभर जागून सेटिंग करतात आणि त्यांचं काम युरोपातल्या गाड्यांत बसतं. कसब असूनही ते योग्य माणसाच्या नजरेला पडत नाही.

लिंक्डइन सुरू झालं ५ मे २००३ रोजी. रीड हॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली ही कंपनी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून जास्त किंमत मोजून घेतली. आज तिथे जगभरातले १ अब्जाहून अधिक सदस्य आहेत आणि त्यांपैकी १० कोटींहून अधिक भारतातले. ही जागा नोकरी शोधणाऱ्यांची, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यामुळे नोकरीत असताना उघडलेलं खातं धंदा सुरू केल्यावर तसंच पडून राहतं. पण काम देणारी माणसंही त्याच ठिकाणी आहेत. खरेदीवाले, क्वालिटीवाले, डिझाइनवाले आणि नवा सप्लायर शोधण्याची जबाबदारी असलेले सोर्सिंग इंजिनिअर सगळे तिथे सापडतात.

इंडियामार्टसारख्या बाजारपेठेचं काम वेगळ्या रीतीने चालतं. तिथे खरेदीदार आपली गरज टाकतो, तीच इन्क्वायरी अनेकांकडे जाते आणि बोलणं लगेच रेटवर येतं. तयार माल विकणाऱ्याला ते सोयीचं आहे. दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम पार्ट करून देणाऱ्याला मात्र आधी भरवसा कमवावा लागतो, आणि त्यासाठी लिंक्डइन बरं. तिथे महिनोन् महिने एकही इन्क्वायरी येणार नाही, हे सुरुवातीलाच मनाशी धरून चालावं.

सुरुवात नावाखालच्या ओळीपासून करावी. तिथे २२० अक्षरं बसतात. 'प्रोप्रायटर, अमुक इंजिनिअरिंग वर्क्स' या ओळीतून परक्या माणसाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलेलं बघा: 'ॲल्युमिनियम आणि पितळेच्या लहान पार्टचं सीएनसी टर्निंग, भोसरी, पुणे. ५० नगांच्या डेव्हलपमेंट लॉटपासून.' शोधणारा माणूस कामाचं आणि गावाचं नाव टाईप करतो, म्हणून ते दोन्ही ओळीत हवेत. सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. मोठे व्हेंडर ५० नगांना हात लावत नाहीत, आणि नव्या मॉडेलवर काम करणारा डिझाइन इंजिनिअर नेमका तेवढ्याच नगांसाठी दारोदार फिरत असतो.

त्याखालच्या 'अबाउट'मध्ये २,६०० अक्षरांची जागा असते. तिथे 'क्वालिटी हेच आमचं ध्येय' लिहून ती वाया घालवू नये. मशिनं कोणती, किती व्यासापर्यंतचा जॉब धरता येतो, कोणती टॉलरन्स रोजच्या रोज सांभाळता येते, मोजायला काय साधनं आहेत, ते सांगावं. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेरून करून घेत असाल तर तेही स्पष्ट लिहावं. ही माहिती ऑडिटमध्ये उघड होतेच. ती आधीच सांगणाऱ्यावर क्वालिटीचा माणूस जास्त विश्वास टाकतो.

आता पोस्टबद्दल. दसऱ्याला मशीनपूजेचे फोटो आणि 'सर्व कस्टमरना हार्दिक शुभेच्छा' यात गैर काहीच नाही, पण त्यातून काम येत नाही. काम येतं ते एखादी अडचण कशी सोडवली हे सांगितल्याने. उदाहरण घ्या पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियम बुशचं. तीन जॉच्या चकमध्ये तो घट्ट आवळला की दाबाने किंचित चेपतो. टूल त्याला त्या चेपलेल्या अवस्थेतच गोल कापतं, मशीनवर माप बरोबर येतं आणि चक सैल करताच बुश परत फुगून तीन कोनांनी वाकडा होतो. नवा ऑपरेटर इथे हमखास गोंधळतो. उपाय म्हणजे जॉबच्या व्यासाला बोअर करून घेतलेले सॉफ्ट जॉ, जे बुशला जवळजवळ पूर्ण वेढून धरतात, आणि फिनिशिंगच्या कटाआधी कमी केलेला चकचा दाब. एवढं सात-आठ ओळींत लिहावं आणि सोबत त्या सॉफ्ट जॉचा फोटो टाकावा. ज्याच्या टेबलावर अशा वाकड्या बुशांचा रिजेक्शन रिपोर्ट पडलाय, त्याला पुढे विनवावं लागत नाही.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कस्टमरचा पार्ट, त्याचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, इतकंच काय, मागे ठेवलेल्या क्रेटवरचा त्याचा लोगो, यातलं काहीही फोटोत येता कामा नये. गोपनीयतेचा करार केलेला असो वा नसो, एका पोस्टपायी जुनी पार्टी दुखावली जाते आणि नवी पार्टीही मनात म्हणते, उद्या हा आपलंही असंच करेल. दाखवायचंच असेल तर भंगारातल्या बारचा स्वतःच्या मापाचा नमुना बनवावा.

ओळखी कोणाशी वाढवायच्या, याबद्दल समाजशास्त्रात जुनं काम आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असं मांडलं की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. लिंक्डइनच्याच २ कोटींहून अधिक सदस्यांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही फार जवळच्या नाहीत आणि फार लांबच्याही नाहीत अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, पण जॉबवर्कच्या धंद्याला ते लागू पडतात असं मला वाटतं. तुमचा माल पूर्वी तपासणारा, प्रसंगी परत पाठवणारा क्वालिटी इंजिनिअर आज दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. तुमची टॉलरन्स त्याने स्वतः मोजलेली असते. आयटीआयची बॅच, ॲप्रेंटिसशिपचे सोबती, जुन्या नोकरीतले साहेब यांनाही आधी शोधावं.

निमंत्रणासोबत दोन ओळी लिहाव्यात. "सर, मी तुमच्या पूर्वीच्या कंपनीला पितळी फिटिंग देत होतो. आता दोन नवीन टर्निंग सेंटर घेतली आहेत. संपर्कात राहू या." बस, एवढंच. निमंत्रण स्वीकारलं गेल्याच्या क्षणी बारा पानांचं ब्रोशर पाठवलं की पुढचा माणूस कायमचा तोंड फिरवतो. आपोआप निमंत्रणं आणि मेसेज पाठवून देणारी सॉफ्टवेअर विकायला अनेक जण येतील. ती वापरायला लिंक्डइनच्या नियमांत मनाई आहे आणि खातं बंद होऊ शकतं. कंपनीचं वेगळं पान काढायला हरकत नाही. मात्र त्या पानाला अनोळखी माणसांशी ओळख करून घेता येत नाही. ते मालकालाच करावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर लिंक्डइन आता मराठीतूनही वापरता येतं. कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीवाल्यांशी बोलायचं तर मराठी पोस्ट फार जवळची वाटते. चाकणच्या जर्मन कंपनीसाठी इंग्रजी लागेल. ते साधं, छोट्या वाक्यांचं असलं तरी पुरतं. मुलीला किंवा पुतण्याला व्याकरण तपासायला द्यावं, मजकूर मात्र स्वतःचा ठेवावा.

लिंक्डइनवरून असं काम मिळवायला सगळ्याच व्यावसायिकांना मोकळं रान नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार आणि सीएंना त्यांच्या संस्थेच्या आचारसंहितेनुसार कामाची याचना करता येत नाही. त्यांनी माहितीपर लेखनावरच थांबावं.

इन्क्वायरी आलीच तर आधी माणूस तपासावा. मोठ्या कंपनीच्या नावाने बोलणारा पण त्या कंपनीचा ईमेल न वापरणारा, व्हेंडर कोडसाठी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारा, यांना तिथेच रामराम करावा. माणूस खरा असेल तर बोलणं मेलवर न्यावं आणि जमणार नसेल तरी त्याच दिवशी 'नाही' कळवावं. कोटेशनवर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापावा. अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात, असं सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ पासून तर मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात त्या खर्चाची वजावटही मिळत नाही.

पहिला लॉट पास झाला, पैसे जमा झाले, की खरेदी अधिकाऱ्याकडे शिफारस मागायला संकोचू नये. 'काहीतरी चांगलं लिहा' म्हटलं तर तो गोंधळतो. पार्टचं नाव न घेता, सॅम्पल किती दिवसांत मिळाली आणि लॉटमध्ये रिजेक्शन किती निघालं, एवढंच लिहायची विनंती करावी. ते तो स्वतःच्या खात्यावरून लिहितो आणि त्याच्या नावा-हुद्द्यासह ते तुमच्या पानावर दिसतं.